गिधाडांच्या मरणाचा हिशेब

गिधाड या पक्ष्याबद्दल चार चांगले शब्द आपल्याकडे क्वचितच कुणी बोलले असतील. मराठीत तर हा पक्षी कमी आणि शिवी अधिक. मयताच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेले नातेवाईक, दुष्काळात व्याज चढवणारा सावकार, बंद गिरणीच्या जमिनीभोवती घिरट्या घालणारे बिल्डर या सगळ्यांना आपण एकच उपमा देतो. रामायणातला जटायू तेवढा अपवाद. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे तो पडला अशी श्रद्धा आहे आणि तेथे लोक भक्तिभावाने जातात. पण जटायूला हात जोडणारा माणूसही गावाबाहेरचे खरेखुरे गिधाड दिसले की नाकाला पदर किंवा उपरणे लावून पुढे जात असे.

'जात असे' हा भूतकाळ मुद्दाम लिहिला आहे. आज तिशीच्या आत असलेल्या बहुतेक वाचकांनी मोकळ्या आकाशात गिधाड पाहिलेले नसेल. त्यांनी आईवडिलांना विचारून पाहावे. गावाबाहेर ढोर मरून पडले की आकाशात ठिपके दिसू लागत, ते गोल गोल फिरत खाली येत आणि घटकाभरात तेथे पाचपन्नास पक्ष्यांची भांडाभांडी सुरू होई. १९८० च्या दशकापर्यंत हे दृश्य इतके नित्याचे होते की कुणी मान वळवूनही पाहत नसे. भारतातील गिधाडांची संख्या त्या काळी कोटींच्या हिशेबात सांगितली जाई. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगात सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक समजले जात होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांतला एक पक्षी उरला. लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे या दुसऱ्या दोन जाती सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या.

पक्षिमित्र हळहळले, वृत्तपत्रांत लेख आले. बाकीच्यांना वाटले, एक ओंगळ पक्षी कमी झाला. पण शिकागो विद्यापीठातील एयाल फ्रँक आणि ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठातील अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. गिधाडे गेली, त्यामुळे माणसे किती मेली? त्यांचा शोधनिबंध २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अर्थशास्त्रातील मातब्बर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे उत्तर असे : २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख.

आकडा वाचून विश्वास बसत नाही. त्यामुळे तो कुठून आला हे नीट पाहिले पाहिजे.

फुकटातली सफाई

गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, घोडे-गाढवे मिळून भारतातील पशुधन पन्नास कोटींच्या वर आहे. २०१९ च्या पशुगणनेत ते ५३ कोटींहून अधिक भरले. यातील बरीचशी गुरे कत्तलखान्यात जात नाहीत. ती गोठ्यात, शेतात, रस्त्याच्या कडेला म्हातारपणाने किंवा रोगाने मरतात. मेलेल्या जनावराचे करायचे काय, हा प्रश्न गावगाड्याने आपल्या पद्धतीने सोडवला होता. ढोर ओढण्याचे आणि कातडे सोलण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारायचे आणि वर त्याच कामासाठी त्यांना अस्पृश्य ठरवायचे, अशी ती पद्धत. मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत बजावले ते याच व्यवस्थेविरुद्ध. कातडे काढून झाल्यावर जे उरे, ते गिधाडांच्या वाट्याचे. या साऱ्यात गावाच्या खिशातून एक पैसा जात नसे आणि ज्याला पैसा लागत नाही त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

गिधाडांचा थवा एका गायीचा अर्ध्या-पाऊण तासात नुसता सांगाडा करून ठेवतो. त्याच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तेथेच संपतात. ॲन्थ्रॅक्स म्हणजे काळपुळीचे जंतूसुद्धा त्याला फारसे बाधत नाहीत. शिवाय तो मांसाशिवाय दुसरे काही खात नाही आणि माणसाच्या वाटेला जात नाही. हेच मढे कुत्र्यांच्या हाती लागले तर ती ते दिवसचे दिवस खातात, अर्धे सोडतात, पिल्लावळ वाढवतात आणि मग वस्तीत परततात.

मान टाकलेले पक्षी

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. तेव्हा तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा मोजणीला गेले तेव्हा चित्र पालटले होते. घरटी ओस पडलेली, झाडांवर मान खाली टाकून बसलेले सुस्त पक्षी आणि फांद्यांत अडकलेले मेलेले पक्षी. त्यांनी १९९९ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केले. मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणाले विषाणू असावा, कुणी कीटकनाशकांवर बोट ठेवले, कुणी म्हणाले अन्न कमी पडले. मेलेली ढोरे जागोजाग सडत पडलेली असताना अन्न कमी पडले, हा तर्क काही टिकण्यासारखा नव्हता.

उलगडा झाला तो पाकिस्तानी पंजाबात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी तेथे मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करीत होते. बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. तो होता युरिक ॲसिडचा. आपल्याकडे घरटी एकाचे तरी युरिक ॲसिड वाढलेले असते, त्यामुळे हा शब्द समजावून सांगायला नको. मूत्रपिंड बंद पडले की पक्ष्याच्या शरीरातून ते बाहेर जात नाही आणि असे अवयवांवर साचते. मूत्रपिंड बंद का पडले, हे मात्र कळेना. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशके सापडेनात. शेवटी ओक्स यांनी साधा विचार केला. गिधाड खाते गुरे. मग गुरांना काय देतात? त्यांच्या सहकाऱ्यांनी पशुवैद्य आणि औषधविक्रेते गाठले आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल असे कोणते औषध खपते याची चौकशी केली. नाव निघाले डायक्लोफेनॅक. युरिक ॲसिडने मेलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, तर पंचविसांतही हे औषध सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही सापडले नाही. पुढे औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना घातले, तेव्हा तीही तशीच मेली. २००४ च्या सुरुवातीस 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले.

डायक्लोफेनॅक म्हणजे कुणा खलनायकाने बनवलेले विष नव्हे. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर लिहून देतात तेच हे वेदनाशामक. पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्या ते बनवू लागल्या, किंमत उतरली आणि १९९४ च्या सुमारास भारतात ते गुरांसाठीही सर्रास वापरात आले. दगडी झालेली म्हैस, ऐन नांगरटीत लंगडणारा बैल यांना एका इंजेक्शनने उतार पडत असेल तर शेतकरी ते का देणार नाही? त्या मुक्या जनावराचे दुखणेही खरेच होते. औषध दिलेले जनावर वाचले तर प्रश्न नाही. ते दोन-तीन दिवसांत मेले आणि उघड्यावर टाकले, तर त्याला लागलेला सगळा थवा आटोपला.

अशी जनावरे लाखोंनी असली पाहिजेत असेही नाही. रिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच गणित मांडले की, शंभरातल्या एकापेक्षाही कमी मढ्यांत हे औषध असले तरी एवढा संहार व्हायला पुरेसे आहे. कारण उघड आहे. एका मढ्यावर जेवायला पन्नास येतात, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

तीन वह्या एका टेबलावर

भारत सरकारने २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीची पावले उचलली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना चालते, हे त्याच वर्षी सिद्ध झाले होते, म्हणजे शेतकऱ्याला पर्यायही होता. पक्षिशास्त्रज्ञांपुरती गोष्ट येथे पुरी झाली. माणसांचे काय झाले याचा हिशेब करायला मात्र वेगळी माणसे लागली. २००८ मध्ये अनिल मार्कंड्य आणि इतरांनी पहिला प्रयत्न केला. गिधाडांच्या जागी निदान ५५ लाख कुत्री वाढली, १९९२ ते २००६ या काळात त्यांनी जास्तीचे पावणेचार कोटींहून अधिक चावे घेतले आणि रेबीजने ४७ हजारांवर जास्तीचे बळी गेले, असा त्यांचा अंदाज होता. हा हिशेब फक्त कुत्र्यांपुरता होता.

फ्रँक आणि सुदर्शन यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी तीन वह्या समोर ठेवल्या. पहिली पक्षिशास्त्रज्ञांची : कोणता जिल्हा गिधाडांच्या अधिवासाला योग्य आणि कोणता नाही, याचे नकाशे. दुसरी औषधाच्या आगमनाची तारीख. तिसरी सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदींची. मग त्यांनी एवढेच विचारले की, औषध येण्याआधी आणि आल्यानंतर या दोन प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदरात काय फरक पडला? आधी दोन्हीकडे दर हजारी नऊच्या आसपास मृत्यू होत होते आणि दोन्ही रेषा बरोबरीने चालल्या होत्या. नंतर गिधाडे नसलेल्या जिल्ह्यांची रेषा होती तेथेच राहिली आणि गिधाडांच्या जिल्ह्यांची वर गेली. ही वाढ चार टक्क्यांहून अधिक निघाली. देशभराचा हिशेब केल्यावर वर्षाला सुमारे एक लाख चार हजार जास्तीचे मृत्यू.

ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात कशी आली नाही? तर दोन लाख वस्तीचा एक तालुका डोळ्यांसमोर आणा. तेथे वर्षाला अठराशे मृत्यू होतात. त्यांत ऐंशी-पंच्याऐंशींची भर पडली. कुणी जुलाबाने गेले, कुणी तापाने, एखाद्याला कुत्रे चावले. तालुक्याच्या डॉक्टरला त्यात वावगे दिसण्याचे कारण नव्हते. आणि दिसले असते तरी त्याचा संबंध आकाशातून नाहीशा झालेल्या ठिपक्यांशी त्याने कसा जोडला असता?

शंका घेणारे अर्थातच विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की १९९० च्या दशकात देशात काय कमी उलथापालथी झाल्या? आर्थिक धोरण बदलले, शहरे फुगली. कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, असे २००१ च्या नियमांनी ठरवले, त्यानेही कुत्री वाढली असतील. पण ही पद्धत नेमकी येथेच उपयोगी पडते. नियम साऱ्या देशाला लागू होता आणि उदारीकरणही सगळीकडेच आले. त्यांनी दोन्ही रेषा सारख्याच हलल्या असत्या. फक्त गिधाडांच्या जिल्ह्यांची रेषा वर जाते, आणि त्यातही परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो भरपूर गुरे असलेल्या शहरी भागांत, जेथे मढी टाकण्याच्या जागा वस्तीला लागून होत्या. शिवाय या जिल्ह्यांत भटकी कुत्री वाढल्याचे, रेबीज लशीची विक्री वाढल्याचे आणि नद्यांच्या पाण्यात विष्ठेतील जंतूंचे प्रमाण वाढल्याचेही त्यांना आढळले. मढी कुजतात, पावसाने ती घाण नाल्यात जाते, नाल्याचे पाणी पुढे कुणीतरी पिते. मढी कुजू नयेत म्हणून रसायने टाकली, तर तीही पाण्यातच जातात.

माझ्या मते या निबंधाची कच्ची बाजू दुसरीकडे आहे. एवढी माणसे नेमकी कशाने गेली, हे त्यातून थेट कळत नाही. २००३ च्या सर्वेक्षणात देशातील रेबीजचे बळी वर्षाला सुमारे वीस हजार धरले होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडच्या पाहणीत हा अंदाज वर्षाला ५,७२६ इतका खाली आला आहे. म्हणजे लाखभर मृत्यूंचा भार एकट्या रेबीजवर टाकता येत नाही. मोठा वाटा दूषित पाण्याचा आणि इतर संसर्गांचा असला पाहिजे. आपल्याकडच्या मृत्यूच्या नोंदी किती काटेकोर असतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पाच लाखांचा आकडा तंतोतंत मानू नये. पण निम्मा धरला तरी अडीच लाख होतात.

या निबंधाने मृत्यूंची किंमतही काढली आहे : वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर, २०२४ च्या दराने पावणेसहा लाख कोटी रुपयांच्या आसपास. माणसाच्या जिवाची किंमत करणे पुष्कळांना अभद्र वाटेल. अर्थशास्त्रज्ञ ती करतात ते अशा हिशेबाने, की मरणाचा धोका थोडासा कमी करण्यासाठी समाज किती पैसे मोजायला तयार होतो. ते आवडो न आवडो, पण किंमत केली नाही की सरकारी फायलीत ती शून्य धरली जाते. गिधाडांच्या कामाची किंमत आजवर शून्यच धरली गेली होती. उलट उदाहरण स्पेनचे आहे. गायींच्या 'मॅड काऊ' रोगाच्या धास्तीने युरोपात २००० नंतर मेलेली जनावरे उघड्यावर टाकायला मनाई झाली. जे काम तेथली गिधाडे फुकट करीत होती, त्यासाठी ट्रक फिरू लागले, भट्ट्या पेटल्या आणि त्याची बिले शेतकऱ्यांना आणि सरकारला आली. बिल आल्यावर हिशेब झाला आणि पुढे नियम सैल करण्यात आले. त्याच स्पेनने २०१३ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली, हा शहाणपणाचा आणखी एक नमुना. २०२० मध्ये तेथे एक काळे गिधाड या औषधाने मेलेले सापडले.

आता किती उरली

महाराष्ट्रात हे नुकसान पहिल्यांदा जाणवले ते मुंबईच्या पारशी समाजाला. मलबार हिलवरील डुंगरवाडीत गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा शतकानुशतकांच्या अंत्यविधीत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवण्याची पाळी आली. कोकणात मात्र थोडी धुगधुगी राहिली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे टिकून होती. महाडच्या 'सिस्केप' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची घरटी सांभाळली आणि मेलेली गुरे आणून टाकण्याची व्यवस्था लावली. गडचिरोलीत वनखात्याने अशीच 'गिधाड उपाहारगृहे' काढली. नाव ऐकून हसू येते, पण तेथे वाढलेले ढोर औषधमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी लागते आणि ते काम किचकट आहे.

बंदी कागदावर झाली तरी पळवाट होती. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्याच आणि त्या गोठ्यात पोचत होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची बाटली एका वेळच्या ३ मिलिलिटरपुरतीच ठेवण्याचा आदेश निघाला. माणसाला तेवढे पुरते. म्हशीला द्यायचे तर अनेक बाटल्या फोडाव्या लागतात. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही त्याच जातकुळीची औषधेही गिधाडांना मारक असल्याचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते. गुरांसाठी त्यांच्यावर बंदी आली ती २०२३ मध्ये. गावाकडे ज्यांची जनावरे आहेत त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडे मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरला, तर जनावराचा तोटा काहीच नाही.

२०१५ च्या गणनेनुसार भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि बारीक चोचीची एक हजार उरली होती. घट थांबल्यासारखी दिसते, वाढ मात्र दिसत नाही. वर्षाला एक अंडे आणि पिलू वयात यायला पाचेक वर्षे, या गतीने कोटींचा आकडा कुणाच्या हयातीत परत येणार नाही. हरियाणात पिंजोर येथे सोसायटी आणि तेथील वनखात्याने गिधाडांचे प्रजनन केंद्र चालवले आहे. तेथून जानेवारी २०२४ मध्ये वीस पक्षी विदर्भात पेंच आणि ताडोबा येथे आणले. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर ट्रान्समीटर बांधून ते सोडण्यात आले. त्यांतला एक पक्षी राज्यांमागून राज्ये ओलांडत थेट तामिळनाडूत पोचला. वाटेत तो कुठे कुठे उतरला ते नकाशावर दिसते. तेथे पडलेल्या ढोराला शेवटच्या दोन दिवसांत कोणते इंजेक्शन दिले होते, याची नोंद त्या त्या गावच्या औषधाच्या दुकानात असलीच तर असेल.